सातबारा नसलेल्यांचा हवामान बदल

५ डिसेंबर २०१७. महापरिनिर्वाण दिनाचा आदला दिवस. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर शेकडो मच्छीमारांचे जीव घेऊन ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकले होते आणि ऐन डिसेंबरात मुंबईत पाऊस कोसळत होता. चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी शिवाजी पार्कवर उभारलेले मंडप पाण्यात गेले, मैदानाचा चिखल झाला. गावागावांतून पिशवीत भाकरी बांधून आलेल्या माणसांना महापालिकेच्या शाळांमध्ये हलवावे लागले. त्यानंतर चर्चा झाली ती मंडपांची, शौचालयांची, पालिकेच्या नियोजनाची. ती व्हायलाच हवी होती. समुद्राची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००१ ते २०१९ या काळाची आधीच्या दोन दशकांशी तुलना केली, तेव्हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. एकेकाळी शांत समजला जाणारा हा समुद्र तापतो आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, मे २०२१ मध्ये तौक्ते आले. त्याच वर्षी २२ जुलैला सावित्री नदीने महाड शहर पाण्याखाली घेतले आणि महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. ज्या महाडला बाबासाहेबांनी १९२७ मध्ये पाण्याच्या हक्कासाठी हजारो माणसांना चवदार तळ्यावर नेले, त्या महाडची ही गोष्ट आहे.

मित्रांनो, आपली चळवळ उघड्यावरची आहे. २० मार्च, १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. आपले सगळे मोठे दिवस पायी चालणाऱ्या, रांगेत उभ्या राहणाऱ्या, मैदानात झोपणाऱ्या माणसांचे आहेत. वातानुकूलित सभागृहात आपली जयंती होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला, म्हणजे भीमजयंतीनंतर दोनच दिवसांनी, खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या शासकीय सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी चौदा जणांचा उष्माघाताने मृत्यू झाल्याचे सरकारने मान्य केले. तो कार्यक्रम कोणाचा होता, हा इथे मुद्दा नाही. एप्रिलमधल्या दुपारी मोकळ्या मैदानात बसणे आता जीवघेणे ठरू शकते, हा मुद्दा आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर या भागातल्या कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तरीही आपल्या व्याख्यानमालांच्या विषयपत्रिकेत हवामान बदल क्वचितच दिसतो. आरक्षण, अत्याचार, संविधान, शिष्यवृत्ती हे विषय असतात आणि असायलाच हवेत. पर्यावरण हा मात्र पक्षीनिरीक्षण करणाऱ्या, सुट्टीत ट्रेकला जाणाऱ्या शहरी सवर्णांचा छंद, असा एक समज आपल्यात घट्ट बसला आहे. त्या समजाला कारणेही आहेत. पर्यावरणवाद्यांच्या व्यासपीठांवर जात हा शब्द फार कमी वेळा ऐकू येतो. पण व्यासपीठ त्यांचे आहे म्हणून ऊन त्यांचे होत नाही. ते आपल्या माणसांच्या डोक्यावर आहे, आणि किती आहे ते मोजता येते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या अनुसूचित जातींच्या एकूण कामकऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के शेतमजूर होते. सर्व समाज मिळून हे प्रमाण ३० टक्के होते. म्हणजे जवळपास निम्मा कष्टकरी दलित समाज दुसऱ्याच्या रानात, उघड्या आभाळाखाली राबतो. उरलेल्यांतले कितीतरी जण बांधकामावर, वीटभट्टीवर, कचरा वेचण्यात, गटार सफाईत, हमालीत आहेत. उष्णतेची लाट आली की टीव्हीवर दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका अशी सूचना येते. ती सूचना ज्याला पाळता येते त्याची जात आणि वर्ग बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. रोजंदारीवरची बाई बारा ते चार घरात बसली तर तिची अर्धी मजुरी जाते. आणि घर म्हणजे तरी काय? पत्र्याचे छप्पर. दुपारी पत्र्याखाली बसण्यापेक्षा लिंबाखाली बसलेले बरे, असे वस्तीवरच्या बाया सांगतात तेव्हा त्यांनी तापमापक पाहिलेला नसतो, पण मोजमाप अचूक असते.

आता याच माणसांकडे सरकारी मदत कशी पोहोचते ते पाहू. कारण सगळा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे तो इथे उघडा पडतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात अतिवृष्टी झाली. वर्षानुवर्षे दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यांत नद्यांनी पात्र सोडले, मातीसकट पिके वाहून गेली, दावणीची जनावरे वाहून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू शेतीला हेक्टरी १८ हजार ५००, हंगामी बागायतीला २७ हजार, बागायतीला ३२ हजार ५०० रुपये. रक्कम पुरेशी होती की नाही, वेळेवर मिळाली की नाही, यावर भरपूर वाद झाला. पण त्या वादातला एक शब्द कोणीच तपासला नाही: हेक्टरी. शेतकऱ्याचे नुकसान हेक्टरवर मोजले जाते. ज्याच्याकडे हेक्टरच नाही, त्याचे पिकाचे नुकसान शून्य धरले जाते. सोयाबीन सडले तर मालकाचे पीक गेले हे खरे. पण काढणीचा पूर्ण हंगाम गेला, म्हणजे मजुराचे वर्षभराच्या मिठामिरचीचे पैसे गेले, दिवाळी गेली, मुलीच्या वसतिगृहाचे शुल्क गेले. हे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? पंचनाम्याच्या कागदावर तो रकानाच नाही. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाच्या नावावर सातबारा आहे आणि दुसऱ्याच्या नावावर नाही, एवढ्यावरून एकाचे दुःख आपत्ती ठरते आणि दुसऱ्याचे दुःख नशीब ठरते.

मी शेतकऱ्याच्या मदतीच्या विरोधात बोलत नाही. छोट्या शेतकऱ्याचे हाल मला माहीत आहेत आणि त्यांच्यातही आपली माणसे आहेत. पण भारतात जमीन नसणे हा अपघात नाही, तो जातीचा इतिहास आहे. ज्यांना पिढ्यान्पिढ्या जमीन बाळगू दिली नाही, त्यांना आज जमीन नाही म्हणून आपत्तीच्या हिशोबातून वगळायचे, हा तोच इतिहास नव्या कागदावर उतरवणे आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दलितांना मदत छावण्यांतून आणि पाणवठ्यांवरून हाकलल्याच्या घटना दलित हक्क संघटनांनी नोंदवून ठेवल्या. तिथे उघड अस्पृश्यता होती. हेक्टरी हिशोबात कोणी कोणाला हाकलत नाही. माणूस यादीत येतच नाही, एवढेच.

हवामान बदल आणि अर्थव्यवस्था यांची गाठ कशी बसते याचे सर्वात ढळढळीत उदाहरण मराठवाड्यातला ऊस आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्याला आठवते. त्याच मराठवाड्यात साखर कारखाने उभे होते. महाराष्ट्रात एकूण पेरणी क्षेत्राच्या जेमतेम चार टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने म्हटले आहे. पाणी कमी असलेल्या प्रदेशात पाणी सर्वात जास्त पिणारे पीक का? कारण त्याला हमखास भाव आहे, कारखाना आहे आणि कारखान्यामागे सत्ता आहे. कोरडवाहू ज्वारी, तूर, करडईमागे यातले काहीच नाही. मग पाऊस हुकला की ज्याच्या विहिरीला पाणी नाही आणि ज्याच्याकडे विहीरच नाही, तो मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आणि बौद्धही आहेत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. सरकारी पाहणीत ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की दंड लागतो, उघड्या पालात अंघोळीला आडोसा नसतो, दुखणे वाढत जाते आणि खासगी दवाखाना शस्त्रक्रियेचा सल्ला देतो. कोरड्या तालुक्यापासून या बाईच्या पोटापर्यंत एक सलग साखळी आहे. साखरेच्या किलोमागच्या भावात ती दिसत नाही.

विज्ञानाबद्दल थोडक्यात. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ते ४२० च्या वर गेले आहेत. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वात उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षाचे सरासरी तापमान औद्योगिकपूर्व काळापेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होते. २०१५ च्या पॅरिस करारात जगाने जी दीड अंशाची रेघ ओढली होती, तिला एका वर्षापुरते का होईना आपण शिवलो आहोत. २०३० पर्यंत जगाचे उत्सर्जन २०१० च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटायला हवे, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २०१८ मध्ये सांगितले होते. ते घटण्याऐवजी वाढत राहिले. घाई आहे ती या अर्थाने.

हे कोणी केले? ऑक्सफॅमच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातले सर्वात श्रीमंत एक टक्का लोक जेवढे कार्बन उत्सर्जन करतात, तेवढे सर्वात गरीब ६६ टक्के लोक मिळून करतात. भारताचे दरडोई उत्सर्जन वर्षाला साधारण दोन टन आहे, अमेरिकेचे चौदा टनांच्या आसपास. म्हणूनच २०२४ च्या बाकू परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे आश्वासन दिले तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने ते तुटपुंजे म्हणून तिथेच फेटाळले. बरोबर केले. पण हाच न्याय देशाच्या आत लावायला आपले राज्यकर्ते तयार नाहीत. त्या दोन टनांच्या सरासरीत ज्याच्या घरी चार गाड्या आणि सहा एसी आहेत तोही आहे आणि जिच्या चुलीला जळणही पुरत नाही ती बाईही आहे. गरिबांच्या कमी उत्सर्जनामुळे देशाची सरासरी खाली येते आणि त्या सरासरीच्या सावलीत श्रीमंत बसतात. बाहेर हवामान न्याय मागायचा आणि घरात हेक्टरी हिशोब करायचा, ही विसंगती विचारण्याचे काम आपले आहे.

मग अर्थशास्त्र नव्याने मांडायचे म्हणजे काय? याची दोन ठरावीक उत्तरे मिळतात आणि दोन्ही आपल्या कामाची नाहीत. पहिले उत्तर: आधी विकास होऊ द्या, केक मोठा झाला की सगळ्यांना तुकडा मिळेल, पर्यावरण नंतर पाहू. या उत्तराचा पाया सकल उत्पन्नाच्या आकड्यावर आहे. गंमत म्हणजे हा आकडा मोजण्याची पद्धत घडवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकन संसदेला बजावले होते की राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचे कल्याण ठरवता येत नाही. कारखान्याने नदी नासवली तरी उत्पन्न वाढते, मग नदी स्वच्छ करण्याचे कंत्राट दिले तरी वाढते, मधल्या काळात माणसे आजारी पडून दवाखान्यात गेली तरी वाढते.

दुसरे उत्तर: यंत्रे सोडा, शहरे सोडा, खेड्याकडे परत चला. हे उत्तर ऐकायला गोड आहे, विशेषतः ज्यांच्या आजोबांचा खेड्यात वाडा होता त्यांना. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या या गौरवगीताची काय गत केली ते आपण सगळे जाणतो. यंत्राबद्दलही त्यांची भूमिका स्वच्छ होती. दोष यंत्राचा नाही, यंत्राची मालकी आणि फायदा मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांनी गांधीवादाची चिकित्सा करताना मांडले. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. ज्याने डोक्यावरून मैला वाहिला नाही, त्यालाच यंत्राचा कंटाळा परवडतो.

म्हणून हवामानाच्या प्रश्नावर आपल्याला तिसरी जागा शोधावी लागते, आणि ती शोधायला फार लांब जावे लागत नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण भाषणात सांगतो, त्यांचे अर्थशास्त्र मात्र कमी वाचतो. १९१८ च्या लहान धारण क्षेत्रांवरच्या निबंधात ते जमिनीच्या तुकड्यांवर रडत बसत नाहीत. शेतीवर पोट भरणाऱ्या जास्तीच्या माणसांना उत्पादक काम नाही, हे मूळ दुखणे आहे असे दाखवतात. मजूरमंत्री असताना ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकमध्ये त्यांनी महानद्यांच्या नियोजनावर भाषण केले. पुराचे पाणी म्हणजे समुद्रात ढकलून द्यायची पीडा नसून साठवून, वाटून वापरायची संपत्ती आहे, हा त्याचा गाभा होता. मोठ्या धरणांनी पुढे किती आदिवासी-दलितांना उठवले हे आज आपल्याला दिसते, तेव्हा धरणाचे प्रारूप जसेच्या तसे उचलण्याचे कारण नाही. पण नदीकडे सार्वजनिक मालमत्ता म्हणून पाहण्याची ती नजर आज जास्तच गरजेची आहे. आणि १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ मध्ये तर त्यांनी संविधानातच लिहून ठेवायला सांगितले होते की मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा राज्याने चालवावा, शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिकरीत्या कसायला द्यावी, जेणेकरून जमीनदारही राहणार नाही आणि भूमिहीनही राहणार नाही. हेक्टरी हिशोबाच्या प्रश्नाचे हे सरळ उत्तर आहे. त्या उत्तराला पुढे अडगळीत टाकले गेले.

धम्माच्या बाजूनेही हेच दिसते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी, प्रेत या जुन्या कथेत शोधले नाही. ते रोहिणी नदीच्या पाण्याच्या वाटणीत शोधले. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून युद्धाची वेळ आली, तेव्हा तरुण सिद्धार्थाने सुचवले की दोन्हीकडून दोन-दोन माणसे निवडा, त्यांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी वाद मिटवावा. संघाने ते ऐकले नाही. आपल्या धम्माची सुरुवात पाणीवाटपाच्या समितीच्या प्रस्तावातून होते, ही गोष्ट मला वाटते आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. कूटदंत सुत्तात राज्यातली चोरी-लूट थांबवण्यासाठी राजाला शिक्षा वाढवण्याचा सल्ला मिळत नाही. शेती करणाऱ्याला बियाणे आणि चारा दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, नोकरी करणाऱ्याला नीट वेतन दे, असा मिळतो. दारिद्र्याला पूर्वजन्माचे फळ न मानता राज्याच्या धोरणाचे फळ मानणारी ही परंपरा आहे. भगवंतांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही, हेही बाबासाहेबांनी आवर्जून सांगितले.

बौद्ध अर्थशास्त्र म्हटले की आजकाल ई. एफ. शूमाखर यांचे नाव येते. ब्रह्मदेशात १९५५ मध्ये सल्लागार म्हणून काम केलेल्या या अर्थतज्ज्ञाने १९६६ मध्ये या नावाचा निबंध लिहिला. माणूस वीस वर्षे ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचा अर्थसल्लागार होता, ही त्यातली गंमत. निबंध वाचण्यासारखा आहे, पण त्यात जात नाही, जमिनीची मालकी नाही. भूतानच्या आनंदाच्या निर्देशांकाचेही असेच. भूतानने जंगल राखले, साठ टक्के भूमीवर वनाच्छादन ठेवण्याचे बंधन संविधानात घातले, हे कौतुकाचे. पण त्याच देशाने १९९० च्या सुमारास नेपाळी भाषिक लाखभर नागरिकांना देशाबाहेर काढले. आनंद मोजताना कोणाला मोजायचे हे आधी ठरवले की निर्देशांक छान येतो. पुन्हा तोच यादीचा प्रश्न.

आता हा सगळा विचार आज गावात कुठे येऊन आदळतो? गायरानावर.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात पुढे एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियानाने गायरानाची लढाई लढली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला, तरी कितीतरी कुटुंबे आजही कागदाविना कसत आहेत. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात गायरानावरच्या अतिक्रमणांचा विषय आला तेव्हा राज्यभरातला आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास सांगितला गेला. आणि आता याच गायरानावर सौर प्रकल्प येत आहेत.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू चांगला आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळाली तर रात्री अंधारात पाणी द्यायला जाऊन साप चावून मरणारे शेतकरी आणि सालगडी वाचतील. कोळसाही कमी जळेल. सौरऊर्जेला विरोध करण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. पण अटी पाहा. खासगी जमीनमालकाने जमीन भाड्याने दिली तर त्याला वर्षाला हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये मिळतात. सरकारी जमीन, त्यात गायरानही आले, नाममात्र भाड्याने दिली जाते. म्हणजे ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला सूर्यापासून भाडे, आणि जो तीस-चाळीस वर्षे माळ फोडून बाजरी पिकवतो त्याला नोटीस. भाषा हरित आहे, हिशोब जुनाच आहे.

हे वेगळेही करता येते. चार एकर म्हणजे सुमारे १.६ हेक्टर. खासगी मालकाचा दर गायरानधारकाला लावला तर कुटुंबाला वर्षाला दोन लाखांच्या आसपास रक्कम मिळेल. बीडच्या कोयत्यावरून परत येण्यासाठी एवढे पुरेसे आहे. भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी दादासाहेब गायकवाडांच्याच नावाची योजना २००४ पासून कागदावर आहे, पण विकत घ्यायला जमीनच मिळत नाही असे उत्तर ठरलेले असते. जमीन समोर आहे. गायरानधारकांच्या सहकारी संस्था काढा, पट्टा त्यांच्या नावे करा, पॅनेल त्यांच्या जमिनीवर लावा, भाडे त्यांना द्या. बाबासाहेबांच्या सामुदायिक शेतीच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा नोकऱ्यांचा. विदर्भातल्या वाचकांना हा लगेच कळेल. चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र, कोराडी, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी. यांच्या धुराने आणि राखेने आसपासच्या वस्त्यांचे श्वास गेले हे खरे. पण १९७० च्या दशकात कोळशाचे राष्ट्रीयीकरण झाले म्हणून या क्षेत्रात आरक्षण आले, आणि आपल्या किती घरांतला पहिला कायम पगार याच खाणींतून आणि वीज केंद्रांतून आला! आज सौर आणि पवन ऊर्जेचा मोठा भाग खासगी कंपन्यांच्या हाती आहे. तिथे आरक्षण नाही. म्हणजे कोळशाकडून सूर्याकडे जाताना देश आरक्षण असलेल्या नोकऱ्यांकडून आरक्षण नसलेल्या नोकऱ्यांकडे जातो आहे आणि त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची आपली जुनी मागणी आता ऊर्जेच्या प्रश्नाला जोडूनच मांडावी लागेल. कोळसा चालूच ठेवा असा याचा अर्थ नाही. चंद्रपूरच्या कंत्राटी कामगाराला केंद्र बंद झाल्यावर काय, हे आधी ठरवा आणि ते ठरवणाऱ्या समितीत त्याला बसवा. रोहिणीच्या काठावरचा प्रस्ताव तोच होता.

न्यायालयाचा एक आधारही हाताशी आहे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. के. रणजितसिंह खटल्यात अनुच्छेद १४ आणि २१ मधून हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला. खटला माळढोक पक्ष्याचा आणि सौर प्रकल्पांच्या वीजवाहिन्यांचा होता. माळढोकचे माळरान आणि आपल्या गायरानाचा माळ, दोन्हींना सरकारी कागदांत पडीक म्हणण्याची सवय आहे. समतेच्या अनुच्छेदातून आलेला हा हक्क भूमिहीनांच्या बाजूने वापरण्याचे काम आपल्या तरुण वकिलांनी अंगावर घ्यावे.

आणि थोडे आपल्या मध्यमवर्गाबद्दल. आनंद भिक्खूंना उदेन राजाच्या राण्यांनी पाचशे चीवरे दिली तेव्हा राजाने विचारले, एवढ्यांचे करणार काय? ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटणार. जुन्यांचे काय? पांघरूण करू. जुन्या पांघरुणांचे? बिछान्याची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग पुसायचे फडके, आणि शेवटी तुकडे करून चिखलात कालवून लिंपण करू. विनयपिटकातली ही कथा गरिबाला काटकसर शिकवायला सांगू नये. तो ती आपल्या आज्यांकडून आधीच शिकलेला आहे, वाकळ म्हणजे दुसरे काय? ती कथा दोन पिढ्यांच्या पगारानंतर लग्नात लाखोंचा डेकोरेशन खर्च करणाऱ्या आणि जयंतीला दिवसभर जनरेटरवर डीजे लावणाऱ्या आपल्यातल्याच मंडळींना सांगायची आहे. जयंती मंडळांच्या पोरांना हे आवडणार नाही. पण १४ एप्रिलची मिरवणूक सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर काढणे, वाटेत पाणी आणि सावलीची ठिकाणे ठेवणे, गर्दीत उष्माघात ओळखता येणारे चार कार्यकर्ते तयार करणे, यात कोणाचा उत्साह कमी होण्याचे कारण नाही.

सध्या सर्वात निकडीचे काम कागदाचे आहे. तलाठी कार्यालयात गाव नमुना १-ई नावाची अतिक्रमणांची नोंदवही असते. आपल्या गावातल्या गायरान कसणाऱ्या किती कुटुंबांची नावे त्यात आहेत आणि किती वर्षांची आहेत, याची नक्कल मागा. जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, घरपट्टी, शेजाऱ्यांचे जबाब एकत्र करा. सौर प्रकल्पासाठी गावातली कोणती जमीन दाखवली आहे ते ग्रामपंचायतीत लेखी विचारा. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात आणि त्याआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे, तेव्हा गायरान कसणाऱ्या बायांचा ठराव आधी तिथे मंजूर करून घ्या. त्याच ठरावात दुसरी ओळ टाका की अतिवृष्टी, दुष्काळ किंवा उष्णतेच्या लाटेत बुडालेल्या मजुरीचा रकाना पंचनाम्यात घालावा आणि भूमिहीन कुटुंबांची यादी तहसीलदाराकडे आपत्तीच्या आधीच पाठवावी. नमुना १-ई ची नक्कल मिळायला वेळ लागतो, आणि पुढची ग्रामसभा १ मे ची असो वा १५ ऑगस्टची, अर्ज आजच द्यावा लागेल.